ओट्याखालचा बोगदा

घैसासबाईंना वेबसाइट दाखवायला मी बोगदा उघडला आणि थोड्याच वेळात त्या आमच्या ओट्याखालून, सिलिंडरच्या बाजूने बाहेर आल्या.

त्यांचं इचलकरंजीला पाळणाघर आहे. त्याची वेबसाइट मी नाशिकला घरी बसून करत होते. ती माझ्या लॅपटॉपवर, एका कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात, चालत होती. म्हणजे घरातल्या घरात. बाहेरच्यांना दाखवायची तर बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून लॅपटॉपपर्यंत यायची वाट, लागतोच. त्याला कुलूप घालता येतं. ओजस झाल्यापासून मी गॅसचं बटण पुन्हापुन्हा बघते, पण हे कुलूप विसरले.

बाईंनी पान बघितलं, रंग जरा उजळ कर म्हणाल्या, पत्ता पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि आल्या वाटेने परत गेल्या. मग पालक यायला लागले. एकेक जण गुडघे झटकत उभा राहायचा, लॅपटॉपमध्ये डोकवायचा आणि मुलांना खायला काय देतात ते कुठे लिहिलंय, असं विचारायचा. एका आजोबांनी बिनसाखरेचा चहा मागितला. मी आधण ठेवायला वळले, तेवढ्यात ओजस रांगत आत गेला.

मला त्याच्यामागे जाता येईना. सर्व्हर ज्याच्या घरी, त्याने जागा सोडायची नसते. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"बंद करून परत चालू कर," निनाद म्हणाला.

"बंद केला की पत्ता बदलतो. मग तो कुणाच्या घरी निघेल?"

मग चार्जर नीट लावलाय ना, एवढंच त्याने विचारलं.

मी ओट्याखाली वाकून हाका मारत राहिले. बऱ्याच वेळाने आतून घैसासबाईंचा आवाज आला.

"अगं, वरणभात खाऊन झोपलाय तो. उठला की पाठवते. तू जेवलीस का?"

मी जेवले नव्हते.

संध्याकाळी ओजस आला. डोक्याला तेल, गालावर काजळाची तीट. माझ्याजवळ तो दुपारचा कधी झोपत नाही, हे मी बाईंना कळवलं नाही.

आता बोगदा उघडाच असतो. ओट्याखाली पायपुसणं टाकलंय, सकाळी ओजस त्यावर जाऊन बसतो. कुलूपही घातलंय. पासवर्ड 'मम्म' आहे, कारण त्याला तेवढंच म्हणता येतं. 'आई' म्हणायला लागला, की बदलीन.