झिपरीच्या दाताची तपासणी

एका जंगलात तरसाची एक तरुण पोर राहत होती. नाव झिपरी. मुलांनो, तरसाचं पोट दातांवर चालतं. वाघ जेवून उठला की उरलेली हाडं फोडून खायची, हा तिच्या घराण्याचा पिढीजात धंदा. आणि झिपरीचा नेमका हाडं फोडायचाच दात किडला. कीड पार आतल्या नसेपर्यंत गेली.

जंगलात दातांचे वैद्य एकच, सुतारपक्षी. सगळे त्यांना सुतारबुवा म्हणत. दात कोरायचा, आतलं सगळं काढायचं आणि डिंक भरायचा, ही त्यांची पद्धत. त्यानंतर दात कधी दुखत नसे. दुखेल कसा? तो मेलेला असे.

पण पानं शिवून घरटं करणारी इवलीशी शिंपीण म्हणाली, "पोरीचं वय कोवळं आहे. दाताचं मूळ अजून वाढतंय. आत्ता पोखरलं तर हाड फोडताना दात टिकायचा नाही. आपण कीड साफ करू, मुळाच्या टोकातून थोडं रक्त आत येऊ देऊ आणि वरून दात बंद करू. जीव आपला आपण भरेल."

झिपरी तयार झाली. पुढचे सहा महिने तिने दुसऱ्या बाजूने मऊ मऊ खाल्लं.

मग तपासणी आली. या जंगलात दंतसमितीने ठरवल्याशिवाय कुणी बरं होत नसे. समितीचे अध्यक्ष गवा. ते गवत खात. दातावर ओढ्याचं गार पाणी ओतायचं, रोगी ओरडला नाही तर बरा, असा नियम होता.

पाणी ओतलं. झिपरी किंचाळली.

"लागलं!" शिंपीण फांदीवर नाचायला लागली. "गार लागलं! नस जगली!"

"रोगी ओरडला," अध्यक्ष म्हणाले. "उपचार फसला."

"अहो साहेब, मेलेल्या दाताला गार लागत नाही!"

"म्हणूनच तो तक्रार करत नाही," सुतारबुवा नम्रपणे म्हणाले.

झिपरी रडकुंडीला आली. "पण साहेब, कालच मी याच दाताने सांबराचं हाड फोडलं!"

"ते तपासणीत येत नाही."

सुतारबुवांनी दात पोखरला. डिंक भरला. पुन्हा पाणी ओतलं. झिपरी गप्प. समितीने टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी हाडावर दात उभा चिरला. तुकडा घेऊन झिपरी समितीपुढे आली.

"दुखलं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर!"

झिपरी तुकडा उचलून परत निघाली. दात चिरल्यापासून तिने काही खाल्लं नव्हतं. मला तिचं फार वाईट वाटतं, मुलांनो. पण मी समितीवर नाही.

तात्पर्य : अंगात जीव असायला हरकत नाही. तपासणीच्या दिवशी मात्र तो कुणाला कळू देऊ नये.