शाई वाळेपर्यंत

एक गोष्ट आधीच कबूल करतो. बहात्तरच्या दुष्काळात मी दाढीच्या ब्लेडनं एक वाक्य खरवडून काढलं आणि त्या जागी दुसरं, दिसायला बरं, वाक्य लिहिलं. दोन्ही वाक्यं माझीच होती, पण वही गावाची होती. त्या वहीची राखण मन्मथअप्पा करत, आणि अप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाला एक काना पुसू दिला नव्हता.

अप्पा कसे होते ते सांगायला एक प्रसंग पुरेल. भाच्याचं लग्न जमवायला ते येरमाळ्याला गेले. मुलीच्या बापापुढं म्हणाले, "पोरगा मॅट्रिक पास हाय." मग चहाचा एक घोट घेतला, हवेत बोटानं आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "पासवर काट मारा. नापास लिवा. पर आधी पास म्हणलो व्हतो, ते बी दिसू द्या."

सोयरीक मोडली. भाचा वर्षभर बोलला नाही. अप्पांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "दुरुस्ती केली म्या. चोरी न्हाय केली."

निजामाच्या अमदानीत ते तहसील कचेरीत नकला उतरवायचे. तिथं चुकलेला शब्द पुसायची सोय नसे. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा आणि बाजूला सही करायची. निजाम गेला, कचेरी गेली, पण ती रेघ अप्पांच्या हातात राहिली. बोलणं, चालणं, स्वयंपाक, सगळ्यात त्यांचं तेच. "खोडा, पर पुसू नका."

बेंबळीच्या पलीकडं आमचं गाव. दूध सोसायटीनं एक खोली बांधली होती. पुढं दुधाच्या कॅन, मागं वाचनालय. वाचनालय म्हणजे एक कपाट, एक दिवस उशिरा येणारं वर्तमानपत्र आणि टेबलाला सुतळीनं बांधलेली जाड चर्चावही. पारावर बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणी कबूल करत नसे, म्हणून ही वही काढलेली. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं लिहावं, ज्याला उत्तर द्यायचं त्यानं खाली द्यावं. अप्पा तिचे बिनपगारी राखणदार. मी सोसायटीचा सेक्रेटरी, वय पंचवीस, त्यामुळं सगळं कळत असल्यासारखा.

अप्पांचा पहिला नियम: शाई वाळेपर्यंत काहीही बदला, माफ. वाळली की रेघ आणि सही. हा नियम कळल्यावर गावानं त्यातली वाट शोधली. दामू पाटलानं एकदा तावातावात लिहिलं, "सोसायटीचा वळू चेअरमनच्याच रानात चरतो." लिहिल्यावर त्याला घाम फुटला आणि तो खोडायला वाकला. तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या काशिनाथनं वर्तमानपत्रानं वहीला वारा घालायला सुरुवात केली.

"आरं, काय करायलास?"

"उकडतंय तुला, म्हणून."

अप्पांनी बोट टेकवून पाहिलं. "वाळली. रेघ मार." त्यानंतर वाचनालयात वारा किंवा फुंकर घालायला बंदी आली.

दुसरा नियम याहून अवघड. वरचं वाक्य बदललं, तर ज्यांनी खाली उत्तरं दिली त्यांना घरी जाऊन कळवायचं. कारण माणूस उत्तर देतो ते समोर असलेल्या शब्दाला. तो शब्दच हलला तर उत्तर उघडं पडतं. हे कळवायचं काम अप्पा स्वतः करत. हातात काठी, डोक्यावर पटका, आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "वरचं बदललंय. तुमचं खालचं ठिवायचं का?" माणूस नांगरामागं असो की न्हाव्यापुढं अर्धी दाढी करून बसलेला असो, उत्तर घेतल्याशिवाय ते हलत नसत. दामू पाटील एकदा अंगाला साबण लावून बसला होता. तसाच ओरडला, "ठिवा हो अप्पा, ठिवा, पर जावा आता."

सरपंचांच्या डोळ्यांत ही वही खुपायची. "अप्पा, ही वही हाय का नांगरलेलं रान? वरून साहेब येतात. साफ दिसाय पायजे."

"साफ वही कोरी असती, सरपंच. लिवलेली अशीच दिसती."

सरपंचांनी निवडणुकीआधी शाळेच्या भिंतीवर 'घरोघरी नळ' असं रंगवून घेतलं होतं आणि निवडून आल्यावर त्यावर चुना मारला होता. अप्पा दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन तिथं हजर. चुना खरडून त्यांनी अक्षरं पुन्हा वाचता येतील अशी केली, वर नीट एक रेघ ओढली आणि सरपंचांना सांगावा धाडला: "सही तेवढी तुमी करा."

मी त्यांना फार हसलो आहे. आता माझ्या ब्लेडकडं येतो.

त्या उन्हाळ्यात गावच्या तिन्ही विहिरी तळाला गेल्या आणि दिवसाआड एक टँकर यायला लागला. पाणी कुणाला आधी द्यायचं यावर पारावर नुसती आग. एका संध्याकाळी मी वहीत लिहिलं, "टँकर आधी वरच्या गल्लीत रिकामा करावा, उरेल ते खालच्या वस्तीला द्यावं." दुधाची जनावरं वरच्या गल्लीत आहेत, ती जगली तर सोसायटी जगेल, असा माझा हिशेब होता. माझं घरही वरच्याच गल्लीत, हे मी लिहिलं नाही.

सकाळी सुदाम गुरुजींनी खाली उत्तर दिलं. गुरुजी खालच्या वस्तीतले, बौद्ध, गावच्या शाळेत शिक्षक. मला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "हे लिहिणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. असं पाणी वाटणार असाल तर आम्हाला गावात धरू नका."

वाचून माझे कान तापले. तेवढ्यात निरोप आला, दुपारी पंचायत समितीचे साहेब टँकरची पाहणी करायला येणार आणि वही बघणार. रेघ मारायला हरकत नव्हती. पण रेघेखालचं साहेबांना वाचता आलं असतं. अप्पा जेवायला गेले होते. मी ब्लेडनं हलक्या हातानं खरवडलं, नखानं कागद घोटला आणि लिहिलं, "टँकरचं पाणी गावात सर्वांना सारखं वाटावं." जुन्यापेक्षा हे वाक्य आखूड भरलं, म्हणून पुढं 'ही नम्र विनंती' जोडलं.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. आधी माझी नम्र विनंती, मग गुरुजींची लाज. खोलीत हशा पिकला.

"काय गुरुजी, सारखं पाणी मिळणार त्याची लाज वाटते?"

गुरुजी वहीजवळ आले, बघितलं आणि म्हणाले, "साहेब, वर आधी हे नव्हतं. विचारा सेक्रेटरीला, अक्षर त्याचं आहे."

"माझंच अक्षर आहे," मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते इतकं सहज तोंडातून आलं.

अप्पांनी ते पान खिडकीशी धरलं. माझ्या वाक्यातून ऊन आत आलं. "कागद पातळ झालाय हितं," ते म्हणाले. "खरवडलाय."

"कुणी?" साहेबांनी विचारलं.

अप्पा रोज सकाळी वही पहिल्यापासून वाचत. आधी काय होतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "वही माझ्या ताब्यात. चूक माझी."

सरपंच हसले. "वही जुनी झाली, अप्पा. तुमच्यावाणी."

गुरुजी टँकरच्या कमिटीवर होते. भांडखोर माणूस नको म्हणून त्यांना काढलं. पुढं सगळा उन्हाळा टँकर आधी वरच्या गल्लीतच रिकामा झाला. वहीत माझं नवं वाक्य राहिलं आणि गावात जुनं चाललं. गुरुजींनी वहीत पुन्हा अक्षर लिहिलं नाही.

तेव्हापासून अप्पांच्या विक्षिप्तपणात एका गोष्टीची भर पडली. गुरुजींच्या उत्तराखाली अर्धं पान मोकळं होतं. एस.टी.त सीट धरायला टाकतात तसा अप्पांनी त्यावर आपला रुमाल टाकला आणि तिथं कुणाला लिहू दिलं नाही. वही पुढं भरत गेली, संपली, दुसरी आली. जुन्या वहीतला रुमाल तसाच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शाई वाळायचीय अजून." गाव पोट धरून हसायचं. बारा वर्षं न वाळणारी शाई कोणत्या दुकानात मिळते, असं मीसुद्धा एकदा विचारलं. अप्पा नुसते "तुला ठावं" म्हणाले आणि मी विषय बदलला.

मग अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बायको कधीच गेलेली, पोरबाळ नाही. एके दिवशी मला म्हणाले, "माधवा, दूध गाडीत भरलं की रोज घटकाभर येत जा. वही वाचून दाव. पहिल्या पानापासून. खोडलेलं बी वाच."

मी वाचू लागलो. वळू, फुंकर, रस्ता, शाळेची कौलं. अप्पा भिंतीला टेकून ऐकायचे आणि ज्याचं लिखाण त्याच्या आवाजात हसायचे. एका पानावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत होतं, "जेवाया या. भाकर गार झाली." त्यावर एक रेघ. खाली, "ऱ्हाऊ द्या. मीच आनते." बाजूला सहीच्या जागी एक फुली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"घरची. रातच्या वर्गात चार अक्षरं शिकली व्हती." अप्पांनी कान पुढं केला. "परत वाच की."

मी परत वाचलं.

"खोडलेलं आधी वाच. तसं म्हणायची ती. आधी रागं भरायची, मग आणायची."

चार दिवसांनी रुमालाचं पान आलं. मी रुमाल उचलला आणि वाचायला तोंड उघडलं. समोर लिहिलं होतं, सर्वांना सारखं वाटावं, ही नम्र विनंती. अप्पांना अक्षर दिसत नव्हतं. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून आलं, "टँकर आधी वरच्या गल्लीत रिकामा करावा, उरेल ते खालच्या वस्तीला द्यावं."

अप्पांनी मान हलवली. "हां. आधी असंच व्हतं."

"त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलं, अप्पा?"

"दुसऱ्याच्या वाक्यावर म्या रेघ मारत न्हाय. म्हणलं, मारंल आपलं आपण." मग आवाज खाली आला. "पर तुझी वाट बघण्यात मास्तराचा उन्हाळा गेला. माझं बी चुकलंच की. पेन दे, आधी माझी सही कुठं करायची दाव."

मी त्यांचा हात धरून कागदावर ठेवला. त्यांनी सही केली, ती तिरकी गेली. मग मी नव्या वाक्यावर एक रेघ मारली. मोकळ्या जागेत जुनं वाक्य लिहिलं. खाली लिहिलं, "गुरुजींचं उत्तर या वाक्याला होतं आणि ते बरोबर होतं. खरवडलं मी." सही केली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, नियम ठावं न्हाय व्हय तुला? घरी जाऊन कळवायचं. मला दिसत न्हाय. तूच जा."

सुतळी सोडून मी वही काखेत घेतली. गुरुजी अंगणात पोरांच्या वह्या तपासत होते. दाराशी काकू, त्यांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मी उभा राहिलो आणि अप्पांचं ठरलेलं वाक्य म्हणालो, ज्याला मी इतकी वर्षं हसत आलो होतो.

"गुरुजी, वरचं बदललंय. तुमचं खालचं ठेवायचं का?"

त्यांनी चष्मा चढवून सगळं पान वाचलं. रेघेखालचंही वाचलं. अप्पांच्या सहीवरून एकदा बोट फिरवलं.

"ठेव," ते म्हणाले. "लिहिलंस ते बरं केलंस. पण मी वहीपुरताच भांडलो, माधव. पाणी हिनं वाहिलं. कोस कोस जाऊन. तिला वाचता येत नाही."

काकूंनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. तोंडी बोलताना रेघ मारायची सोय नव्हती, सहीचीही नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "त्या उन्हाळ्यात टँकर तुमच्याकडं शेवटी यायचा, तो मी लिहिलं तसाच. ते लपवलं, आणि गुरुजींना खोटं पाडलं, तेही मीच. माझं चुकलं. मला माफ करा."