मानाचा फेरा

आमच्या बयोआत्याने आयुष्यात एकही जत्रा चुकवली नाही आणि एकाही देवाचं दर्शन घेतलं नाही.

घरातून निघताना हातात फुलांची पुडी आणि तोंडात देवीचं नाव. पण देवळाचा कळस दिसला की ती लांबूनच हात जोडायची आणि म्हणायची, "देवी काय, बारा महिने हितंच हाय. पाळणा उद्या उतरवतील." मग लुगड्याचा काष्टा घट्ट करून रहाटपाळण्याच्या दिशेने अशी सुटायची की मला धापा टाकत मागे धावावं लागे. फुलं मीच वाहायचो. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या देवदेवतांची कृपा त्यामुळे माझ्यावर असणार. तिचा उपयोग काय झाला, ते विचारू नका.

बयोआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गलबतावर खलाशी होता, तो लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी एडनच्या वाटेवर तापाने गेला. मूलबाळ नाही. ती रत्नागिरीला भावाकडे आली ती कायमची. आम्हा चार भावंडांना न्हाऊमाखू तिनेच घातलं, आमच्या नाकांत तेल तिनेच सोडलं. मी बंदरावरच्या कचेरीत कारकून झालो तेव्हा ती साठीला आली होती, आणि तिला जत्रेला नेण्याचं काम वडिलांकडून वारसाहक्काने माझ्याकडे आलं. जमीन दुसऱ्या भावाला मिळाली.

आता तरुण वाचकांना रहाटपाळणा सांगायला हवा. दोन उभे खांब, त्यांवर आडवा लाकडी आस, आसाला कवळणारे चार हात आणि प्रत्येक हाताला लोंबणारी एक पेटी. पेटीत माणसं बसायची आणि खालून दोन गडी हातांनी रेटा द्यायचे. पेटी वर गेली की माझ्या पोटातलं सगळं घशाशी यायचं, आणि नेमकं तेच आत्याला आवडायचं. "पोटात कसा गोळा उठतो रे," ती म्हणायची, "जिवंत हाय असं वाटतं."

पण ती नुसती बसणारी नव्हती, पारखी होती. पाळण्याला रंग किती, पताका किती, हे ती बघत नसे. ती आसाला कान लावायची. "रंगाचं काय, मेल्या, आस बघावा" हे तिचं सगळ्या जगाविषयीचं मत होतं. मोटारीत बसण्याआधी ती ड्रायव्हरला आस विचारायची. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी नाकडोळे बघत होती. आत्याने मुलीला चालायला लावलं, कमरेकडे नीट पाहिलं आणि भर माजघरात जाहीर केलं, "आस सरळ हाय. करा पसंत." हे वाक्य माझी बायको अजून विसरलेली नाही, आणि मलाही विसरू देत नाही.

याच बायकोला आत्यापायी आणखी एक प्रसंग सोसावा लागला. आमच्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. आत्या विहिरीवर सहज बोलली, "यंदा आमच्याकडं पाळण्याची लय घाई हाय." तिला म्हणायचं होतं, जत्रा लवकर आली आहे. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायकांनी घरात आवळे, चिंचा आणि कैऱ्या आणून टाकल्या. माझी बायको पदरात तोंड लपवून बसली, आणि आत्या आनंदाने त्या कैऱ्यांचं लोणचं घालत बसली.

तर, पाळण्यांच्या जगातल्या रीतीभाती. आमच्या टापूत नाव घ्यावं असे दोनच पाळणे होते, हर्णैच्या बाबाजीचा आणि सावर्ड्याच्या गणूचा. या दोघांनी एकमेकांचं तोंड जन्मात पाहिलेलं नव्हतं, वैर मात्र अगदी पक्कं. बाबाजीच्या पाळण्याचा आस जुन्या गलबताच्या डोलकाठीतून काढलेला. गणू म्हणायचा, "वारा सुटला की पाळणा माणसांसकट मस्कतला जायचा." गणूचा आस फणसाचा. बाबाजी विचारायचा, "त्यावर माणसं बसवतो की गरे?" पण दुसऱ्या कोणी तोंड घालायचं नाही. हर्णैचा पाळणा भिकार आहे, असं एक गिऱ्हाईक गणूला खूश करायला बोललं, तर गणूने पाळणा थांबवून त्याला खाली उतरवलं. "बाबाजीला नावं ठेवायची तर मी ठेवीन," म्हणाला, "तू कोण?"

आणि या सगळ्यावर एक वडिलोपार्जित रीत होती. जत्रेचा पहिला फेरा दुसऱ्या पाळण्याच्या घरच्या माणसाचा. तो मानाचा फेरा. घरचं कोणी आलं नसेल तर पेटीत नारळ ठेवायचा, त्याला एकट्याला फिरवायचं आणि मग गिऱ्हाइकं घ्यायची. हर्णै ते सावर्डे ही काय जायची-यायची वाट आहे? दोन्हीकडे वर्षानुवर्षं नारळच फिरत होते.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षी आम्ही आगबोटीने हर्णैला गेलो. आत्याने बाबाजीचा पाळणा दोन फेरे नुसता ऐकला आणि पुढे होऊन म्हणाली, "उजवीकडून ओरडतोय तुझा आस." मग पिशवीतून उंडेलाची बाटली काढून स्वतःच्या हाताने तेल सोडलं. ओरडणं थांबलं. बाबाजी हा दांडगा, मिशाळ गडी. तो आत्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "बसा आई, हा फेरा तुमचा."

कुठल्याही म्हाताऱ्या बाईला म्हणतात तसंच तो म्हणाला होता. पण त्या दिवशी परतताना आत्या आगबोटीवर एरवीसारखी कोणाशी भांडली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

पुढे त्याच हंगामात आम्ही सर्व्हिस मोटारीने सावर्ड्याला गेलो. सकाळची वेळ, गणू पेटीत नारळ ठेवतच होता. आत्या म्हणाली, "बरा हाय तुझा पाळणा. पण हर्णैच्या बाबाजीचा अंमळ मऊ फिरतो." गणू किरकोळ अंगाचा आणि तापट. "तुम्ही कोण त्याच्या?" त्याने विचारलं.

"मला आई म्हणतो तो," आत्या म्हणाली. तिला फुशारकी मारायची होती, एवढंच.

गणूने पेटीतला नारळ उचलला आणि आत्याच्या पायांशी ठेवला. "बाबाजीची आई आमच्या दारात," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. बापाच्या वेळेपासून मानाच्या फेऱ्याला माणूस बसलं नव्हतं. मी खुलासा करायला तोंड उघडलं. आत्याने माझ्या पायावर पाय दिला आणि पेटीत चढली.

पुढच्या वर्षी हर्णैला तिने बाबाजीला ही बढाई सांगितली. सावर्ड्याच्या गणूने माझ्या पायांशी नारळ ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं, म्हणाली. बाबाजीने कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही गणूच्या घरच्या? त्याची आई? आणि मी तुम्हाला पहिला सोडून मधल्याच फेऱ्यात बसवलं?" आत्या हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. ती खोकली.

अशा रीतीने बयोआत्या सावर्ड्यात बाबाजीची आई आणि हर्णैत गणूची आई झाली. मला दोन्हीकडे धाकटा भाऊ व्हावं लागलं. सावर्ड्याला लोक विचारायचे, यंदा मासळी कशी. हर्णैला विचारायचे, भात कसं. मी दोन्हीकडे "बरं आहे" म्हणायचो. कचेरीतली सवय उपयोगी पडली.

बरं, आई झाली ती झाली, गप्प बसेल तर शपथ. ती निरोप न्यायला लागली. बाबाजीने कोळंबीचे सोडे पाठवलेत म्हणून आमच्या घरातले सोडे गणूला. गणूने फणसपोळी पाठवली म्हणून आमची फणसपोळी बाबाजीला. गणूचा गुडघा दुखायचा, तर "बाबाजी विचारत होता, गुडघा कसा हाय?" बाबाजीच्या मुलीचं लग्न ठरलं, तर "गणूने पोरीला आशीर्वाद सांगितलाय." बाबाजीने गणूच्या फणसाच्या आसाची टिंगल सोडली. गणू तर गिऱ्हाइकांना सांगू लागला की डोलकाठीचं लाकूड फार टिकाऊ. "आत्या, हे एक दिवस अंगाशी येईल," मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुझं आपलं कचेरीतलं डोस्कं."

आलंच अंगाशी. पाचव्या वर्षी मुरुडच्या जत्रेला मोठी गर्दी होणार होती, एक पाळणा पुरणार नव्हता. बाबाजीने आत्याच्या हातात एक नारळ दिला. "गणूला माझा मानाचा नारळ. पाळणा घेऊन मुरुडला ये म्हणावं. एकदा समोरासमोर भेटू. आणि तुम्ही दोन्ही पाळण्यांत बसाल, आई."

तो नारळ आम्ही रत्नागिरीला आणला आणि फडताळात ठेवला. माझं सरळ म्हणणं होतं की त्याची सोलकढी करावी आणि विषय मिटवावा. दोघे भेटले नाहीत तर कोणाला काही कळणार नव्हतं. आत्या बारा दिवस त्या फडताळाकडे बघत होती. जेवण कमी झालं. मोटारींचे आस विचारणं बंद झालं. तेराव्या दिवशी तिने नारळ पिशवीत घातला. "मी फुकट मान घेतला," म्हणाली, "पण दुसऱ्याचा मान गिळून बसू काय? चल, सावर्ड्याला."

मुरुडला वाळूवर दोन पाळणे शेजारी उभे राहिले. असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. माणसं नुसतीच येऊन बघत उभी होती. नारळ फुटले आणि बाबाजी इकडून आला, गणू तिकडून. दोघांनी एकदमच आत्यापुढे हात केला. "चला आई."

"अरे, तुझी आई माझ्या पाळण्यात बसायची," गणू म्हणाला.

"माझी? माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. ही तुझी ना?"

मी मागच्या मागे सटकायचा विचार करत होतो. आत्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"मी कोणाचीच नाय," ती म्हणाली. "हा आई म्हणाला, ते मला गोड लागलं. मग तू मान दिलास, तो सोडवेना. ह्याच्यासारखी चार पोरं मी वाढवली, गू-मूत काढलं. पण आई म्हणून हाक कोणी मारली नव्हती. खोटं बोलले मी. शिक्षा काय ती करा."

मी वाळूकडे बघत राहिलो. मला खरोखर मान वर करवेना.

गणूला राग येईल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा मात्र पडला. त्याने बाबाजीला विचारलं, "म्हणजे सोडे तू नाय पाठवलेस?"

"नाय. आणि तू माझ्या पोरीला आशीर्वाद?"

"मला तुझी पोर हाय हेच म्हाईत नव्हतं."

दोघं लहान तोंड करून उभे राहिले. पाच वर्षांची सोयरीक गेली होती बिचाऱ्यांची. लोक चुळबुळ करायला लागले, मुलं पेट्यांना लोंबकळायला लागली. मग बाबाजीने मिशीवरून हात फिरवला आणि जरा ओशाळून विचारलं, "पण गुडघा दुखतो, ते खरं?"

"खरं तर. जिना चढवत नाय."

"बस माझ्या पेटीत. तू स्वतःच आलायस, तर मान तुझाच."

गणू लंगडत बाबाजीच्या पेटीत बसला. मग उतरून त्याने बाबाजीला आपल्या पेटीत बसवलं, आणि त्या अवजड माणसाला खालून स्वतः रेटा दिला. लोकांनी टाळ्या पिटल्या. दोघं एकमेकांच्या आसावर हात फिरवून लाकडाविषयी बोलू लागले. नुसती बडबड. आमच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आत्याने पिशवी काखेत मारली. "बरं झालं. माझी पायपीट वाचली," म्हणाली आणि चालू लागली. मी तिच्याबरोबर निघालो. सुरूच्या झाडांपाशी तिने पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाली, "आता ते त्यांचे निरोप त्यांचे देतील. मी कशाला जायचं रे जत्रेला?"

इतकी वर्षं तिच्या मागे धावलो, पण आज तिची चाल माझ्याहून हळू होती.

मागून हाक आली. "आई." मग दुसऱ्या आवाजात, "ओ आई."

आत्या थांबली नाही. जत्रेत पन्नास आया असतात. हाक पुन्हा आली, या वेळी दोन्ही आवाज एकदम. तिचा पाय अडला, पण ती वळली नाही. समोर बघतच तिने मला हळूच विचारलं, "कोणाला रे बोलावतायत?"

मी मागे वळून पाहिलं. दोन्ही पाळणे थांबवले होते. गिऱ्हाइकं खाली उभी करून ठेवली होती. बाबाजीने आपली एक पेटी रिकामी धरली होती, गणूने आपली, आणि दोघेही आमच्याकडे बघत होते.

"तुलाच," मी म्हणालो.

"नक्की?"

"तुलाच बोलावतायत गो, आत्या."

तिने पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले, आणि मग वळली.