खांबेट्यांचं मखझन

लिफ्टमध्ये अडकायला मी घाबरत नाही, खांबेट्यांबरोबर अडकायला घाबरतो. इथे आखातात, मंगफच्या आमच्या इमारतीत सगळेच घाबरतात. खांबेटे एका तेल कंपनीच्या गोदामाचे मुख्य. गोदामाला अरबीत म्हणतात ‘मखझन’. एवढं निमित्त त्यांना पुरतं.

"बघा हं," ते समोरच्याची बाही धरून सुरू करतात, "हा शब्द इथून जहाजात बसला. इटलीत उतरला, तिथे गोदामच राहिला. सज्जन! फ्रान्सला गेला आणि त्याचं दुकान झालं. रशियातही दुकानच. आणि इंग्लंडात?"

इथे उत्तर खांबेटेवहिनींनी द्यायचं असतं. भेंडी चिरता चिरता, मान वर न करता वहिनी म्हणतात, "दिवाळी अंक." मग खांबेटे "मॅगझिन!" असं ओरडून टाळी मागतात. एका फ्रेंच इंजिनिअरला त्यांनी हे गोदामाच्या दारात ऐकवलं. वहिनी तिथे नव्हत्या, म्हणून त्यांना फोन लावला.

गेल्या महिन्यात जाब्रियाच्या इस्पितळात वहिनींच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होतं. कॅन्सर आहे की नाही, ते तेव्हाच तपासणार होते. मी खांबेट्यांच्या सोबतीला बाहेर बसलो होतो. सांगितलेली वेळ उलटून गेली तरी ऑपरेशन थिएटरचं दार उघडेना. खांबेट्यांनी शेजारच्या मल्याळी गृहस्थाला धरलं. "देखिए, ये शब्द इधर से जहाज में बैठा..."

मला संताप आला. बायको आत आणि ह्यांचं चऱ्हाट चालूच! इटली झाली, फ्रान्स झालं, रशिया झाला.

"और इंग्लंड में?"

खांबेटे दाराकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "दिवाळी..."

"तुम्ही नका!" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की सिस्टर बाहेर डोकावली. मग हळूच म्हणाले, "ते तिचं आहे."

त्यानंतर ते अवाक्षर बोलले नाहीत. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी तरसलो, ती आता सोसवेना.

शेवटी डॉक्टर आले. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता. मागून वहिनींचं स्ट्रेचर आलं. त्यांनी अर्धवट डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं आणि घाबरल्याच.

"अहो, गप्प का तुम्ही? काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं छान आहे, वहिनी," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसेना. त्या खांबेट्यांकडेच बघत होत्या.

खांबेट्यांनी डोळे पुसले, वहिनींची बोटं धरली.

"आणि... इंग्लंडात?"

"दिवाळी अंक," वहिनी म्हणाल्या आणि निर्धास्त झोपल्या.