गाडी पोचल्याची सही

रत्नाबाई गेली हे वस्तीवर कळलं तेव्हा ती फ्लॉवरच्या पोत्यांमध्ये आडवी होती आणि टेम्पो अजून दवाखान्याच्या निम्म्या वाटेत होता. तिच्या नवऱ्याने, गेणबाने, शेजारच्या चंद्राबाईला फोन करून सांगितलं, "चूल इझवा. पोचायच्या आदीच गेली."

सकाळी बायकोच्या छातीत कळ आली तेव्हा त्याने आधी आरोग्य केंद्राला फोन लावला होता. रुग्णवाहिका केंद्रात होती, नवीकोरी, ताडपत्रीखाली. चालकाची जागा दीड वर्ष रिकामी होती. बघतो, करतो म्हणत त्यांनी दोन तास घालवले. शेवटी गेणबाने लवळ्याच्या कॅन्टीनला भाजी टाकणारा टेम्पो हात करून थांबवला.

दहावा झाल्यावर पुतण्या कैलास त्याला आमदारांकडे घेऊन गेला. कैलास नांद्याला खोल्या भाड्याने देतो, त्याच्या ओळखी बऱ्या. काय करू, असं आमदारांनी विचारलं. चौकशी, निलंबन, मदत, काय काय मागता येतं तेही सांगितलं.

गेणबा म्हणाला, "गाडी आली न्हाई, एवढं सरकारनं कागदावर कबूल करावं. बाकी काय नको."

आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकला. रुग्णवाहिका घरी न पोहोचल्याने महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? प्रश्न मंत्रालयातून पुण्याला, पुण्याहून तालुक्याला आणि तिथून केंद्रात उतरला. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवं होतं. म्हणजे मयताच्या घरी जाऊन जबाब घेणं आलं, आणि जायला केंद्राकडे वाहन एकच होतं. विधानसभेचं काम म्हटल्यावर तालुक्याने तासाभरात चालक धाडला.

सायरन ऐकून वस्ती गोळा झाली. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या म्हणून चालक विश्रामने तो वाजवला होता. चंद्राबाई धापा टाकत आली. "आता कोन गेलं?"

"कोन न्हाई," गेणबा म्हणाला. "रत्नीसाठीच आलीय."

त्याने गाडीत डोकावून पाहिलं. खाट होती, ऑक्सिजन होता, चादरीची घडीही मोडलेली नव्हती. केंद्राच्या डॉक्टर साधनाबाई ओट्यावर बसल्या आणि त्या दिवशी गाडी आली नाही हे त्यांनी तो सांगेल तसं लिहून घेतलं. काही लपवलं नाही. गेणबाला बरं वाटलं. त्याने सगळ्यांना चहा केला. साखर सापडायला वेळ लागला. डबे रत्नाबाईने लावले होते तसेच होते.

निघताना विश्रामने वही पुढे केली. "बाबा, खेप झाली की घरच्या मानसाची सही लागती. न्हाईतर डिझेल माझ्या अंगावर येतंय."

"काय लिवलंय?"

"रुग्णवाहिका रत्नाबाईंच्या घरी पोचली."

गेणबाने दारातल्या गाडीकडे पाहिलं. "खरं हाय," तो म्हणाला आणि सही केली.

साधनाबाईंनी जबाब आणि वहीतली नोंद, दोन्ही वर पाठवलं. वरच्यांच्या हातात दोन कागद पडले, एक अडकवणारा आणि एक सोडवणारा. निवडायला त्यांना वेळ लागला नाही.

महिन्याभराने कैलासने छापील उत्तर वाचून दाखवलं. "'हे खरे नाही. रुग्णवाहिका सदर महिलेच्या घरी पोहोचल्याची नोंद असून त्यावर तिच्या पतीची स्वाक्षरी आहे.' खाली कार्यवाही इचारलीय, तितं 'प्रश्न उद्भवत नाही.'"

 गेणबा म्हणाला, "सही माजीच हाय."

"पण तात्या, तारीख?"

"आमदारांनी तारीख इचारली व्हती का?"

कैलासने कागद उलटसुलट करून पाहिला. विचारली नव्हती.

विश्राम जबाबाच्या दिवशीच संध्याकाळी तालुक्याला परत गेला होता. गाडी ताडपत्रीखाली आहे. चंद्राबाईच्या सुनेला आठवा लागलाय. चालकाची जागा भरायची राहिली आहे.