बर्फ फुकट, पाक ओदिलचा

न्यू ऑर्लिन्समध्ये बर्फ पडला त्या सकाळी अल्सीद म्हातारा झोपेतून उठला तसाच ओसरीवर धावला आणि ओरडला, "येणार! माझी ओदिल आता येणार!" शेजारची यूलाली खिडकीतून डोकावली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नुसता पांढराशुभ्र बर्फ होता.

अल्सीदचं स्नोबॉलचं दुकान. कागदी पेल्यात किसलेला बर्फ आणि वर रंगीत पाक. किसायचं यंत्र त्याचं, पाक बायकोचा, ओदिलचा, असा जन्मभराचा संसार. गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने पाकाची तारीफ केली. अल्सीद म्हणाला, "पाक काय, कुणीही करतं. खरी करामत बर्फाची." ओदिलने आतून ते ऐकलं आणि बॅग भरली. मिनियापोलिसला मुलीकडे निघताना दारातच म्हणाली, "या गावात आभाळातून बर्फ पडेल ना, त्या दिवशी परत येईन!" सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा, तशातलाच हा वायदा. तरी अल्सीद रोज आभाळाकडे बघायचा. तिच्यावाचून त्याला घास गोड लागत नव्हता.

त्याने फोन लावला.

"ओदिल, बर्फ पडला! घोट्यापर्यंत!"

"सकाळी सकाळी चढवलीस का रे?"

"देवाशप्पथ! हा बघ फोटो."

फोटो बघून ओदिल म्हणाली, "कुणाला बनवतोस? रात्रभर यंत्र चालवलंस आणि अंगणात पसरलंस. तुझा कीस मी ओळखत नाही होय?"

अल्सीदने यूलालीच्या हातात फोन दिला. "मिस ओदिल, खरंच पडलाय हो!"

"तुझी कसली साक्ष! एक स्नोबॉल फुकट मिळाला तर मगरी उडतात म्हणूनही सांगशील तू," असं म्हणून ओदिलने फोन ठेवला.

अल्सीदला युक्ती सुचली. दुकानासमोर बर्फात उभ्या गावाचा फोटो काढायचा. अख्ख्या गल्लीचा बर्फ काही यंत्रातून निघत नाही! हिवाळ्यात बंद असणारं दुकान त्याने ऐन जानेवारीत उघडलं. नदीच्या बांधावरून कपड्यांच्या टोपल्यांत बसून घसरणारी माणसं ते बघून धावत आली, पण येताना वाडगी, पातेली, टोपल्या बर्फाने भरूनच आली.

"मिस्टर अल्सीद, बर्फ आमचा! तुम्ही नुसता पाक घाला!"

आता आली का पंचाईत! स्वतः उकळलेला लाल पाक होता, तोच त्याने घातला. यूलालीने चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे मिटले.

"हे काय, खोकल्याचं औषध?"

"मिस ओदिलचा तो गुलाबी नेक्टर पाक नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही."

"मग दुकान उघडलंत कशाला?"

सगळ्यांनी वाडगी रस्त्यावर उपडी केली आणि माणसं पुन्हा घसरायला गेली. फोटो राहिलाच. ज्या बर्फाचा अल्सीदने जन्मभर तोरा मिरवला, तो गटारापर्यंत फुकट पसरला होता आणि कुणी त्याला विचारत नव्हतं.

दुपारी ऊन पडलं. पागोळ्या गळू लागल्या. बर्फ गेला की ओदिलचा वायदाही गेला. त्याने पुन्हा फोन लावला.

"ओदिल, बर्फ वितळतोय गं. आता पुरावा उरणार नाही. मला खोटारडा म्हण हवं तर, पण तू ये. बर्फ काय, आभाळसुद्धा फुकट देतं. गोडी होती ती तुझ्या पाकाची. मला करमत नाही तुझ्यावाचून."

पलीकडे तिच्या मागे कर्ण्यावर कसलीशी घोषणा झाली.

"कुठे आहेस तू?"

"विमानतळावर. सकाळी तुझ्या फोनआधीच बातम्यांत बर्फ बघितला, तेव्हाच निघाले."

"अगं, मग सकाळी यंत्र काय, मगरी काय..."

"बर्फ पडला, बर्फ पडला! 'ये' हा एक शब्द सोडून सगळं बोललास!"

"मग ये ना लवकर!"

"येऊ कशी? इथे कमरेएवढ्या बर्फात विमानं उडतायत, आणि तुमच्या गावाने चार बोटं बर्फ बघून विमानतळच बंद केलाय!"

अल्सीदने झिंगे उकडताना ढवळायचं लाकडी वल्हं उचललं आणि तो दारातल्या पायऱ्या खरवडू लागला. मधेच थांबून त्याने वर बघितलं. ज्या आभाळाकडे इतके महिने बर्फ मागितला, त्यालाच ओरडून म्हणाला, "बाबा रे, पुरे आता, वितळव लवकर! बायको अडकलीय माझी!"