सलोमीबाईंसाठी साखळी प्रार्थना

एका जंगलात, बाळांनो, शेपट्यांपेक्षा फोन जास्त होते. ज्यांना शेपटी नव्हती, त्यांच्याकडे तर दोन दोन होते. नीट मांडी घालून बसा आणि ऐका. आणि ते हातातलं आधी खाली ठेवा. नाही ठेवत? बरं, तसंच ऐका.

या जंगलात एक छोटं कौलारू चर्च होतं. तिथले पाळक होते याकोब अस्वल. मोठा दयाळू जीव. आवाज असा, की उपदेशाच्या भरात आले की बाहेरच्या झाडावरच्या चिंचा पडायच्या. पिल्लं उपदेशाला येत ती चिंचांसाठीच, पण येत.

मग एकदा ओढ्यावरचा ओंडका वाहून गेला. तीन रविवार कुणाला चर्चला येता येईना. तेव्हा पंच कमिटीचे सेक्रेटरी शमुवेल मुंगूस म्हणाले, "साहेब, काळजी करू नका. उपासना फोनवरून दाखवू."

दाखवली. चौथ्या रविवारी नवा ओंडका टाकला. पण मंडळी काही परत आली नाही. चहात खारी बुडवत उपासना करायची सोय झाल्यावर लाकडी बाकावर कोण बसणार?

पाळकसाहेबांना आधी वाईट वाटलं. मग त्यांना आकडा दिसला. चर्चमध्ये चाळीसजण मावायचे. फोनवर दोनशे दिसत होते. पुढच्या आठवड्यात तीनशे. पलीकडच्या जंगलातलं एक तरससुद्धा बघायचं, आणि चक्क हसायचं नाही. साहेबांना हळूहळू गोडी लागली. अस्वलच ते, एकदा गोडी लागली की लागली.

तरी कधीकधी उपासना संपल्यावर ते रिकाम्या बाकावर टेकायचे आणि विचार करायचे. पूर्वी आपण बोलायला उभे राहिलो की तिसऱ्या बाकावरचा रानडुक्कर घोरायचा. तेव्हा किती राग यायचा! आता कोण घोरतंय हेसुद्धा कळत नाही. कापणीच्या सणाला चर्चला वाहिलेल्या भोपळ्याचा लिलाव फोनवरच झाला. बोली लागली, टाळ्यांची चित्रं आली, आणि भोपळा न्यायला कुणी आलंच नाही. तो वेदीपाशी बसल्या बसल्या कुजला. घरभेटी तर बंदच. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय आपलं, असं त्यांच्या मनात यायचं. तेवढ्यात फोन वाजायचा, नवीन अंगठा यायचा, आणि विचार जायचा.

मंडळीचा एक ग्रुप होता. 'एक मेंढपाळ, एक कळप' असं त्याचं नाव. मुंगूससाहेब त्याचे राखणदार. नियम कडक. ग्रुपवर फक्त वचन, प्रार्थना आणि आमेन. बर्नबा गाढवाने एकदा तिथे विचारलं होतं, "कुणाकडे शिडी आहे का?" शिडी ही आत्मिक गोष्ट नाही, म्हणून त्याला त्याच दिवशी काढून टाकलं.

एका रविवारी, उपासना आटोपता आटोपता, ठीक अकरा वाजता, ग्रुपवर सलोमीबाई कासवांचा निरोप आला. सलोमीबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर. ओढ्यापलीकडे एकट्या राहायच्या. त्यांनी लिहिलं होतं : "मी उताणी पडले आहे. कुणीतरी या."

बाळांनो, कासव उताणं पडलं की त्याला आपलं आपण उठता येत नाही. दुसऱ्याने एक ढोसणी दिली की काम भागतं.

ग्रुप गहिवरला. एका मिनिटात ऐंशी आमेन पडले. जोडलेले पंजे, जोडलेले खूर, जोडलेले पंख यांची रीघ लागली.

"मी जाऊन येतो," पाळकसाहेब म्हणाले. "पाव तासाची तर वाट."

"आणि इथे आरंभीची प्रार्थना कोण करणार?" मुंगूससाहेब म्हणाले. "साहेब, मी चोवीस तासांची साखळी प्रार्थना जाहीर केलीये. अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्यात. सगळं लाइव्ह. तुमच्याशिवाय शोभा नाही."

साहेब थांबले. मुंगूससाहेबांनी पोस्टर काढलं. सलोमीबाईंचा फोटो, भोवती पांढरी फुलं, खाली दोन मेणबत्त्या. ते इतकं सुरेख झालं, की तिघांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून टाकलं.

साखळी सुरू झाली आणि अशी रंगली म्हणून सांगू! सलोमीबाईंच्या धीरासाठी प्रार्थना झाली. त्यांच्या पाठीसाठी झाली. त्या ज्या दगडावर पडल्या होत्या, त्या दगडासाठीही झाली. सशाने आपल्या अर्ध्या तासात चार गाणी म्हटली आणि त्याला पलीकडच्या जंगलातून बोलावणं आलं. आकडा पाचशेवर गेला.

सोमवारी सकाळी सहा वाजता, म्हणजे एकोणिसाव्या तासाला, बर्नबा गाढव चरत चरत ओढ्यापलीकडे गेलं. त्याला ग्रुपमधून काढलेलं, त्यामुळे बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही.

"बाई, मुद्दाम पडलात का चुकून?"

"चुकून रे बाबा."

"उठवू?"

"उठव."

त्याने नाकाने एक ढोसणी दिली. सलोमीबाई सुलट्या झाल्या. गाढव पुढे चरायला गेलं.

सलोमीबाई सरळ स्वभावाच्या. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "बर्नबाने उठवलं. सर्वांचे आभार."

झालं! जंगलात एकच कल्लोळ उठला.

"आमच्या पाच तासांचं काय?" महिला मंडळाच्या अध्यक्षा रिबेकाबाई टिटवी कडाडल्या. "सहा ते अकरा आमच्या पाळ्या! बायका पहाटे उठून नव्या साड्या नेसून बसल्यात!"

"आणि अर्धवट साखळी लोकांना काय तोंडाने दाखवायची?" मुंगूससाहेब म्हणाले.

कमिटीची तातडीची बैठक भरली, फोनवरच. ठराव झाला तो असा. सलोमीबाईंनी कृपा करून अकरापर्यंत पुन्हा उताणं व्हावं. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन, योग्य त्या आदराने, त्यांना पाडावं. ते लाइव्ह दाखवावं.

"हे बरं दिसेल का?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"साहेब, पाचशेजण बघतायत. बरंच दिसेल."

पाळकसाहेब निघाले. एका पंजात फोन समोर धरलेला, त्यात स्वतःचंच तोंड. दोनदा ठेचकाळले. एकदा झाडाला "सलाम" म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी पडलेल्यांना उठवलं होतं. उठलेल्याला पाडायला ते आज पहिल्यांदाच चालले होते.

सलोमीबाईंनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगबाई, पाळकसाहेब! माझ्या घरी?" त्यांनी लगबगीने दगड पुसला. कासवाच्या लगबगीला जरा वेळ लागतो. तोवर साहेब उभेच राहिले.

मग त्यांनी अडखळत अडखळत ठराव सांगितला.

सलोमीबाई ऐकून घेत राहिल्या. "मंडळीचा शब्द मी कधी मोडला नाही, साहेब. पाडा. फक्त आधी घोटभर पाणी पिऊ द्या. उताणं असताना पिता येत नाही हो. कालपासून घसा कोरडा आहे. ओढ्यापर्यंत जायचं त्राणच उरलं नाही."

पाळकसाहेब जागच्या जागी थिजले. एकोणीस तास! एवढ्या प्रार्थना, एवढे आमेन, दगडासाठीसुद्धा प्रार्थना. पण बाईंना तहान लागली असेल, हे त्यांच्या स्वतःच्याही मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ओंजळीला दोन पंजे लागतात. त्यांनी फोन झग्याच्या खिशात कोंबला आणि ओढ्याकडे धावले. तीन ओंजळी आणल्या. सलोमीबाई प्यायल्या, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत.

"पण बाई, पडलात कशा?" साहेबांनी विचारलं. हेही कालपासून कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्हीच म्हणालात ना फोनवर, दोन्ही हात उंच करून स्तुती करा? केले. चर्चमध्ये दोन्ही बाजूंनी कुणी ना कुणी टेकायला असायचं. घरी एकटी आहे, हे विसरलेच मी."

अस्वल खालीच बसलं. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या नाकावरून टपटप पाणी गळायला लागलं.

इकडे काय झालं, ऐका. खिशातला फोन चालूच होता! पाचशेजणांना दिसत होता नुसता काळाकुट्ट अंधार.

"किती गहन!" टिटवीबाईंनी लिहिलं.

"साहेबांनी आज कमाल केली," मुंगूससाहेबांनी लिहिलं. आमेनचा पाऊस पडला. बघता बघता आकडा बाराशेवर गेला. मग त्या अंधारातून आवाज आला, "चुकलं माझं." आणि बाळांनो, एक अख्खं मिनिट कुणीच काही लिहिलं नाही. शेवटी रानडुकराने विचारलं, "आवाज कापला का?" तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि पुन्हा आमेन सुरू झाले.

मुंगूससाहेबांनी लगोलग निरोप धाडला : "साहेब, विक्रम! पुढच्या रविवारपासून उपासना खिशातूनच करू." महिला मंडळाच्या पाच तासांचाही प्रश्न सुटला. ते बर्नबा गाढवाच्या पश्चात्तापासाठी देण्यात आले. साड्या वाया गेल्या नाहीत.

पाळकसाहेबांनी तो निरोप वाचलाच नाही. ते चौथी ओंजळ आणायला उठत होते.

"मग पाडताय ना, साहेब?" सलोमीबाईंनी विचारलं. "अकराला अजून वेळ आहे."

"नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही काल काय काय खाल्लं नाहीत, ते आधी सांगा."

तात्पर्य : संकटात सापडलात तर ते सज्जनांना मुळीच कळू देऊ नये. ते लगेच कामाला लागतात, आणि मग गाढवालासुद्धा तुम्हाला उठवायची चोरी होते.